नॅनोमीटरपासून निवर्तनापर्यंत: अतिसूक्ष्म एककं आणि जुनी जमीन-मापं यांचा हिशेब हातानं कसा करायचा

नेटवरच्या कुठल्याही कन्व्हर्टरमधे एका बाजूला अँगस्ट्रॉम (अणूच्या आकाराएवढं एकक) टाका, दुसऱ्या बाजूला एखादा प्राचीन हात (कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतचं माप) निवडा, तो पापणी लवायच्या आत दशांशचिन्हानंतर बारा-पंधरा आकडे असलेलं उत्तर देतो. दिसायला एकदम भारी, पण त्यातले पहिले दोन आकडे सोडले तर बाकी सगळे वाऱ्यावरचे, कारण तो हात नेमका केवढा हे त्या साइटनं परस्पर ठरवून टाकलेलं असतं आणि तुम्हाला सांगितलेलंही नसतं. म्हणून हे गणित स्वतः करावं. अवघड काहीच नाही, दहाचे घात आणि साधा गुणाकार-भागाकार एवढंच, वेळ जातो तो हात निवडण्यात.

कोणाला लागतं हे? शाळेच्या प्रोजेक्टवाल्यांना, शिलालेख किंवा जुनी सनद वाचताना "म्हंजे आजची किती जमीन" असा प्रश्न पडणाऱ्यांना, आणि व्हॉट्सॲपवर येणारे "आपल्या पूर्वजांनी अणूचा आकार आधीच मोजला होता" छापाचे फॉरवर्ड तपासून बघायची खोड असणाऱ्यांना. मी तिसऱ्या गटातला.

पायरी १: लांबी की क्षेत्रफळ, ते आधी ठरवा

नॅनोमीटर ही लांबी आहे, बिघा हे क्षेत्रफळ आहे. त्यामुळे "एका बिघ्यात किती नॅनोमीटर" हा प्रश्नच चुकलाय, त्याला उत्तर नाही. बरोबर प्रश्न दोन होतात: बिघ्याची एक बाजू किती नॅनोमीटर, किंवा अख्खा बिघा किती चौरस नॅनोमीटर.

हे वाचताना फार उघड वाटतं, पण जुन्या मापांत घोळ होतो कारण एकच नाव दोन्हीकडे वापरतात. काठी ही लांबी पण आहे आणि एक काठी लांब एक काठी रुंद अशा जागेला पण काठीच म्हणतात, अशा २० काठ्यांचा पांड आणि २० पांडांचा बिघा. म्हणजे बिघा ४०० चौरस काठ्यांचा, पण त्याची बाजू फक्त २० काठ्यांची. इथे घसरलात तर पुढचं सगळं वीसपटीनं बोंबलतं.

पायरी २: मधे मीटर ठेवा

सूक्ष्म एककातून थेट हातात किंवा काठीत उडी मारू नका. आधी मीटर, मग तिकडे. लक्षात ठेवायला एवढंच (खाली १०^-९ असं लिहिलंय ते "दहाचा उणे नववा घात" असं वाचायचं):

१ मायक्रॉन = १०^-६ मीटर
१ नॅनोमीटर = १०^-९ मीटर
१ अँगस्ट्रॉम = १०^-१० मीटर
१ पिकोमीटर = १०^-१२ मीटर
१ फर्मी = १०^-१५ मीटर

मायक्रॉनचं अधिकृत नाव आता मायक्रोमीटर आहे पण वर्कशॉपमधे आणि आरओ फिल्टरवाल्यांकडे मायक्रॉनच चालतं. अँगस्ट्रॉम हे स्वीडिश शास्त्रज्ञाचं नाव, त्यानं १८६८ साली सूर्याच्या वर्णपटाचा तक्ता छापला तेव्हा तरंगलांबी याच मापात दिली होती. सोयीचं एकक आहे कारण अणूंचा आकार एक-दोन अँगस्ट्रॉममधे बसतो. फर्मी त्याहून लाखपटीनं लहान, अणुकेंद्रकासाठी; प्रोटॉनची त्रिज्या साधारण ०.८४ फर्मी.

आता एक गंमत. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) संख्यांची नावं एकं-दहं-शतं करत पार १०^१७ पर्यंत दिलीयेत: कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. अब्ज १०^९, खर्व १०^१०, अंत्य १०^१५. म्हणजे एका मीटरमधे एक अब्ज नॅनोमीटर, एक खर्व अँगस्ट्रॉम, आणि एक अंत्य फर्मी. मला तरी घात पाठ करण्यापेक्षा हे सोपं जातं, आणि "दहाचा पंधरावा" म्हणताना पंधरावा की सोळावा असा जो घोळ होतो तो इथे होत नाही.

क्षेत्रफळासाठी घात दुप्पट करायचा. १ चौरस मीटर = १०^१८ चौरस नॅनोमीटर = १०^२० चौरस अँगस्ट्रॉम. परार्ध १०^१७ वर संपतं, तेव्हा एक चौरस मीटरमधे दहा परार्ध चौरस नॅनोमीटर झाले, आणि पुढे शेताबिताचं मोजायला गेलात की लीलावतीतली नावं पुरत नाहीत, घातच लिहावे लागतात.

पायरी ३: कुठला हात? (इथेच खरं काम आहे)

मीटरच्या बाजूला भांडण नाही. इंच म्हणजे बरोबर २.५४ सेंटीमीटर हे १९५९ पासून ठरलेलं आहे, त्यामुळे फूट, यार्ड, गुंठा सगळं पक्कं. गुंठा म्हणजे ३३ फूट × ३३ फूट, १०८९ चौरस फूट, १०१.१७ चौरस मीटर. ४० गुंठ्यांचा एकर. सातबाऱ्यावर आता हेक्टर-आर असतं, १ आर १०० चौरस मीटरचा, म्हणजे गुंठ्याला जवळजवळ चिकटलेला.

जुन्या बाजूला मात्र एक एक हात वेगळा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणात (भागात) मापांचा अख्खा अध्याय आहे. त्याची अंगुलाची व्याख्या दुहेरी आहे, एक तर आठ यवमध्य (जवाचे दाणे मधल्या रुंदीनं आठ मांडायचे), नाहीतर मध्यम चणीच्या माणसाच्या मधल्या बोटाची जास्तीत जास्त रुंदी. २४ अंगुलांचा नेहमीचा हात, त्याला तो प्राजापत्य हस्त म्हणतो. पण चराऊ कुरणं मोजायला २८ अंगुलांचा, किल्ल्यातल्या आणि छावणीतल्या सुतारकामाला ४२ अंगुलांचा, आणि जंगलातल्या मालाला ५४ अंगुलांचा हात. दंडाचंही तसंच. साधा दंड ४ हातांचा म्हणजे ९६ अंगुलांचा, रस्ते आणि कोटाच्या भिंती यांच्यासाठी १०८ अंगुलांचा, आणि ब्राह्मणांना दान द्यायच्या जमिनीसाठी १९२ अंगुलांचा, थेट दुप्पट! दान देताना माप मोठं. तेव्हा "कौटिल्याचा हात किती सेंटीमीटर" असं विचारणारे आणि त्याला एक आकडा सांगणारे, दोघांनीही अध्याय वाचलेला नसतो.

बरं, अंगुल तरी किती मिलिमीटर? सगळ्यात प्रचलित रीत म्हणजे अंगुल पाऊण इंच, १९.०५ मिमी. त्यानं हात १८ इंच (४५.७ सेमी) येतो, दंड बरोबर ६ फूट. दुसरी बाजू अशी की आयआयटी कानपूरचे दिवंगत प्रा. आर. बालसुब्रमणियम यांनी धोलावीरा या सिंधूकालीन शहराची आखणी आणि दिल्लीचा लोहस्तंभ अभ्यासून १७.६३ मिमीचा अंगुल सुचवला. लोथलला, तेही सिंधूकालीनच, हस्तिदंती पट्टी सापडलीये, तिच्यावरचे भाग सुमारे १.७ मिमीचे आहेत, त्याचे दहा घेतले की १७ मिमी. म्हणजे १७ ते १९ मिमी एवढी मोकळीक आहे, साधारण दहा टक्के. हे दहा टक्के लक्षात ठेवा, पुढे परत परत लागणारेत.

आता आपल्याकडची काठी. शिवकाळात अण्णाजी दत्तोंनी जी जमीनमोजणी केली तिच्याबद्दल सभासदाच्या बखरीत सरळ आकडे आहेत: पाच हात पाच मुठींची काठी, हात १४ तसूंचा, हात आणि मुठी मिळून काठी ८२ तसू, अशा २० काठ्या औरसचौरस म्हणजे एक बिघा, आणि १२० बिघ्यांचा एक चावर. असला लेखी पुरावा म्हणजे सोनं. तसू म्हणजे गजाचा चोविसावा भाग. आता गज किती? पुढे इंग्रजांनी इलाही गज (अकबराच्या काळातला) ३३ इंचांचा ठरवला, तो धरला तर:

१ तसू = ३३ ÷ २४ = १.३७५ इंच = ३.४९ सेमी
१ हात = १४ तसू = १९.२५ इंच
१ काठी = ८२ तसू = ११२.७५ इंच = २.८६ मीटर (साधारण ९.४ फूट)
१ बिघा = ५७.३ मी × ५७.३ मी = सुमारे ३२८० चौ.मी. = ३२ गुंठे

पण कोणी १८ इंची हात आणि ३ इंची मूठ धरली तर काठी १०५ इंचांची होते, २.६७ मीटर, आणि बिघा २८ गुंठ्यांवर येतो. काठीत सात टक्के फरक, बिघ्यात पंधरा. लांबीतली चूक क्षेत्रफळात जवळपास दुप्पट होते.

तुलनेसाठी इजिप्त बघा. तिथला शाही हात ५२.३ ते ५२.५ सेमी असा बराच घट्ट सांगता येतो कारण तिथल्या प्रत्यक्ष लाकडी गजकाठ्या टिकल्यात, तुतनखामेनचा खजिनदार माया याची पॅरिसच्या लूव्हर म्युझियममधे आहे. असे १०० हात लांब आणि १०० रुंद म्हणजे त्यांचं शेताचं माप, सेचात, सुमारे २७४० चौ.मी., आपले २७ गुंठे. तिथे तीन आकडी उत्तर द्यायला हरकत नाही. आपल्याकडे दोन आकडी द्यावं आणि गप्प बसावं.

पायरी ४: सरळ गणित, लांबीचं

समजा काठीचे नॅनोमीटर करायचेत. काठी → मीटर: २.८६. मीटर → नॅनोमीटर: १०^९ नं गुणा. उत्तर २.८६ × १०^९, म्हणजे २.८६ अब्ज नॅनोमीटर. अँगस्ट्रॉम हवेत? २.८६ खर्व. झालं.

उलटं, हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ५०० नॅनोमीटर धरू, ती काठीत किती? ५०० × १०^-९ = ५ × १०^-७ मीटर, त्याला २.८६ नं भागा, १.७ × १०^-७ काठी. उलट्या गणितात नेहमी भागाकार, आणि उत्तर लहान यायला पाहिजे. लहान वस्तू मोठ्या काठीनं मोजताना उत्तर कोटींमधे आलं तर कुठेतरी घाताचं चिन्ह उलटं पडलंय.

अजून एक, कोरोना विषाणू साधारण १०० नॅनोमीटर व्यासाचा. एका तसूत किती बसतील? ३.४९ सेमी म्हणजे ३.४९ × १०^-२ मीटर, भागिले १०^-७, म्हणजे ३.४९ × १०^५. साडेतीन लाख विषाणू एका तसूत शेजारी शेजारी. अण्णाजी दत्तोंच्या मोजणीदारांना याचा काही उपयोग नव्हता, पण हिशेब बरोबर आहे.

फोनच्या कॅल्क्युलेटरवर एक हमखास चूक होते ती आत्ताच सांगतो. सायंटिफिक मोडमधे 'ईएक्सपी' किंवा 'ईई' असं बटण असतं. १०^-९ टाकायला "१ ईएक्सपी -९" दाबायचं, "१० ईएक्सपी -९" नाही. ते बटण स्वतःच "गुणिले दहाचा अमुक घात" असं असतं, त्यामुळे १० टाकलात की १०^-८ होतं आणि उत्तर दसपट चुकतं. कॉलेजची मुलंसुद्धा यात अडकतात.

आणि हो, मोबाइलच्या जाहिरातीतलं "३ नॅनोमीटर चिप" हे माप या गणितात घालू नका. ते तंत्राच्या पिढीचं नाव आहे, चिपवर तेवढ्या रुंदीचं काही असेलच असं नाही.

पायरी ५: जुनी शिडी खाली उतरून बघा

आत्तापर्यंत आपण काठी-दंड घेऊन सूक्ष्माकडे गेलो. पण जुन्या ग्रंथांत सूक्ष्म मापंही आहेत आणि ती अंगुलाला जोडलेली आहेत, मग तीच शिडी मीटरमधे का उतरवू नये? कौटिल्याची शिडी अशी: ८ परमाणू = रथाच्या चाकानं उडालेला एक धूळकण, ते ८ = एक लिक्षा (लीख), ८ लिक्षा = एक यूका (ऊ), ८ यूका = एक यव, ८ यव = एक अंगुल. पाच पायऱ्या, प्रत्येक आठपट, ८^५ = ३२,७६८ परमाणूंचा एक अंगुल.

१९.०५ मिमीला वरून खाली भागत या:

यव = २.३८ मिमी
यूका = ०.३० मिमी
लिक्षा = ०.०३७ मिमी = ३७ मायक्रॉन
रथधूळ = ४.७ मायक्रॉन
परमाणू = ०.५८ मायक्रॉन = ५८१ नॅनोमीटर = ५,८१४ अँगस्ट्रॉम

५८१ नॅनोमीटर म्हणजे पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी! रस्त्यावरच्या जुन्या सोडियम दिव्याचा पिवळा ५८९ चा. आता अंगुल १७.६३ मिमीचा धरा, परमाणू ५३८ नॅनोमीटर होतो, हा रंग हिरवा. एका अंगुलाच्या मोकळिकीत रंग बदलला. यातून प्राचीनांना प्रकाशाची तरंगलांबी माहीत होती असं कोणी काढू नये, उद्या काढलेलं फॉरवर्ड येईलच म्हणा.

इथे तपासणी म्हणून मी एक करायला सांगीन: शिडीची प्रत्येक पायरी खऱ्या वस्तूशी ताडून बघा. जवाचा दाणा अडीच-तीन मिमी रुंद, म्हणजे यव बरोबर बसला. उवेची लीख प्रत्यक्षात सुमारे ०.८ मिमी लांब आणि ०.३ मिमी रुंद असते, शिडी म्हणते ०.०३७, रुंदीशी ताडलं तरी आठपटीनं कमी. आणि ऊ तर दोन-तीन मिमी लांब, शिडी म्हणते ०.३. म्हणजे जवापर्यंत माप आहे, त्याच्याखाली नुसता आठानं भागाकार आहे आणि पायऱ्यांना ओळखीच्या बारीक वस्तूंची नावं दिलीयेत. यात कमीपणा काही नाही, कर गोळा करणाऱ्या अधिकाऱ्याला जवाच्या खाली उतरायची गरज नव्हती. पण मग खालच्या टोकाला नॅनोमीटर लावताना ते मोजमाप म्हणून लावू नका, ग्रंथातल्या व्याख्येवरून निघणारी किंमत म्हणून लावा.

हे अजून स्पष्ट होतं दुसऱ्या ग्रंथांकडे गेलात की. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत परमाणू, रज, वालाग्र, लिक्षा, यूका, यव, अंगुल अशी शिडी आहे, आठपटच पण एक पायरी जास्त, ८^६ = २,६२,१४४. त्याचा परमाणू ७३ नॅनोमीटरचा आला, कोरोना विषाणूहून लहान. पण त्यानंच व्याख्या दिलीये की जाळीतून येणाऱ्या उन्हात जो सगळ्यात बारीक कण दिसतो तो परमाणू. कवडशात नुसत्या डोळ्यांनी दिसणारे कण ७३ नॅनोमीटरहून कितीतरी मोठे असतात, तेव्हा त्याची व्याख्या आणि त्याची शिडी एकमेकांशी जुळत नाहीत.

आणि बौद्धांच्या ललितविस्तरात सातपटीची शिडी आहे, दहा पायऱ्या, वाटेत सशाच्या, मेंढीच्या, गाईच्या नावांचे धूळकण लागतात. ७^१० म्हणजे २८ कोटी २४ लाख ७५ हजार २४९. १९.०५ मिमीला त्यानं भागा: ०.०६७ नॅनोमीटर, ०.६७ अँगस्ट्रॉम. हायड्रोजनच्या अणूची बोर त्रिज्या (केंद्रकापासून इलेक्ट्रॉनचं ठराविक अंतर) ०.५३ अँगस्ट्रॉम! फॉरवर्डवाल्यांना हाच आकडा सापडतो आणि ते तेवढाच पाठवतात. पण तीन ग्रंथांचे परमाणू शेजारी ठेवा, ५८१, ७३ आणि ०.०६७ नॅनोमीटर, पहिल्या आणि शेवटच्यात साडेआठ हजार पटींचा फरक आहे. तिघांपैकी एकाचं उत्तर अणूच्या जवळ पडलं कारण त्याच्या शिडीला पायऱ्या जास्त होत्या, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा परमाणूचं रूपांतर करताना ग्रंथाचं नाव लिहिल्याशिवाय आकडा लिहूच नये.

पायरी ६: आता शेत मोजू

निवर्तन हे जुनं जमिनीचं माप, सातवाहनांच्या शिलालेखांत भेटतं. नाशिकच्या पांडवलेण्यांत ३ क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीची आज्ञा कोरलेली आहे, त्याच्या राज्याच्या १८व्या वर्षीची: पश्चिम कखडी गावातलं, पूर्वी उषवदाताकडे (क्षत्रप राजा नहपानाचा जावई) असलेलं २०० निवर्तनं शेत भिक्षूंना दिलं. पुढे २४व्या वर्षीची आणखी एक आज्ञा तिथेच आहे, त्यात म्हटलंय की ते शेत कसलं जात नाही आणि गावही वसलेलं नाही, म्हणून त्याऐवजी नगराच्या हद्दीवरची १०० निवर्तनं राजाची जमीन द्यावी. दोन हजार वर्षांपूर्वीही कागदावरची जमीन आणि हातातली जमीन यात फरक होताच तर.

२०० निवर्तनं म्हणजे किती? घ्या तीन रीती.

पहिली, कौटिल्याचा साधा दंड. १० दंडांची रज्जू, ३ रज्जू निवर्तनाची एक बाजू, म्हणजे ३० दंड. दंड १.८३ मी, बाजू ५४.९ मी, क्षेत्रफळ ३,०१० चौ.मी., जवळपास ३० गुंठे. २०० निवर्तनं = ६० हेक्टर.

दुसरी, कौटिल्याचाच पण दान-जमिनीचा १९२ अंगुली दंड लावला तर. बाजू दुप्पट, क्षेत्रफळ चौपट, १२,०४० चौ.मी., ११९ गुंठे. २०० निवर्तनं = २४१ हेक्टर.

तिसरी, लीलावतीची. तिथे १० हातांचा वंश, आणि २० वंश बाजूचं चौकोनी शेत म्हणजे निवर्तन. २०० हात × २०० हात, १८ इंची हातानं बाजू ९१.४ मी, ८,३६१ चौ.मी., म्हणजे दोन एकरांच्या थोडं वर. २०० निवर्तनं = १६७ हेक्टर. पण लीलावती गौतमीपुत्राच्या हजार वर्षं नंतरची, त्यामुळे नाशिकच्या लेखाला ती लावताना जरा दबकतच लावावी. भास्कराचार्यांचा संबंध तसा खानदेशाशी, चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात त्यांच्या नातवानं त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याची नोंद आहे, तेव्हा यादवकाळातल्या कागदाला लीलावतीचं निवर्तन जास्त शोभेल.

म्हणजे एकाच ओळीचं उत्तर ६० पासून २४१ हेक्टरपर्यंत. मला विचाराल तर लेखात एक आकडा देऊन टाकण्यापेक्षा ही अख्खी रेंज द्यावी आणि प्रत्येकाखाली रीत लिहावी.

आणि चौरस नॅनोमीटर हवेच असतील तर: पहिल्या रीतीनं एक निवर्तन ३,०१० × १०^१८, नीट मांडून ३.०१ × १०^२१ चौ.नॅ. शिवकालीन बिघा ३.२८ × १०^२१. गुंठा १.०१ × १०^२०. इथे लोक १०^१८ ऐवजी १०^९ नं गुणतात, क्षेत्रफळाचा घात दुप्पट करायचा विसरतात आणि मग गुंठा १०^११ वर येतो. पडताळा सोपा: बाजू वेगळी नॅनोमीटरमधे काढा (गुंठ्याची १०.०६ मी = १.००६ × १०^१०) आणि तिचा वर्ग करा, १.०१ × १०^२०. जुळलं पाहिजे.

पायरी ७: एक्सेल आणि आकड्यांची हाव

खूप मापं करायची असतील तर शीटच करा. पहिल्या रकान्यात मापाचं नाव, दुसऱ्यात ग्रंथ किंवा प्रदेश, तिसऱ्यात अंगुल किंवा तसू किती मिमी धरला, चौथ्यात त्यात किती अंगुल/तसू, पाचव्यात मीटर (तिसरा × चौथा × ०.००१), मग पुढे हवी ती सूक्ष्म एककं. अंगुलाची किंमत एकाच सेलमधे ठेवा आणि बाकी सगळीकडे तिचाच संदर्भ द्या, म्हणजे १९.०५ चं १७.६३ केलंत की अख्खा तक्ता आपोआप बदलतो आणि कुठली उत्तरं किती हलतात ते डोळ्यासमोर दिसतं. सेलचं फॉरमॅट सायंटिफिक करायला विसरू नका, नाहीतर नॅनोमीटरचं मीटर ०.०० दिसेल आणि तुम्हाला वाटेल सूत्र चुकलं.

एक्सेल फक्त १५ अर्थपूर्ण आकडे धरतं. लीलावतीचं योजन ८००० दंडांचं, १४.६३ किमी, त्यात एक फर्मी मिळवून बघा, शीट म्हणेल काहीच वाढलं नाही, कारण दोघांत १०^१९ चं अंतर आहे. इतक्या लांबच्या मापांची बेरीज-वजाबाकी करूच नका, गुणाकार-भागाकाराला मात्र काही अडचण येत नाही.

शेवटचं काम म्हणजे आकडे छाटणं. सगळ्यात कच्चा दुवा जितका पक्का तितकंच उत्तर पक्कं. अँगस्ट्रॉम बिनचूक आहे, इंच बिनचूक आहे, अंगुल दहा टक्क्यांनी सैल आहे, तर उत्तरही दहा टक्क्यांनीच सैल, क्षेत्रफळ असेल तर वीस. म्हणून २८६३८५०००० नॅनोमीटर असं न लिहिता "सुमारे २.९ × १०^९" लिहा. मधल्या पायऱ्यांत आकडे जास्त ठेवलेत तर चालतील, किंबहुना ठेवाच, छाटायचं ते अगदी शेवटी.

उत्तर असं दिसलं पाहिजे: "१ काठी ≈ २.९ × १०^९ नॅनोमीटर (८२ तसू, सभासद बखर; तसू = ३३ इंची गजाचा १/२४; गजाच्या किमतीबद्दल अनिश्चितता, बिघ्यात ती दुप्पट धरावी)." कंस उत्तरापेक्षा लांब झाला तरी हरकत नाही.